औद्योगिक कलह व कलहनिवारण : मुंबईच्या कापडगिरण्यांतील

मालक व कामगार यांच्यात किंवा कामगारा-कामगारांत नोकरी, वेतन, कामाचे तास, कामाचे स्वरूप अथवा कामाच्या जागी मिळणारी वागणूक यांवरून उद्‌भवणाऱ्या संघर्षास औद्योगिक कलह असे म्हणतात. संप आणि टाळेबंदी ही त्याची ठळक रूपे होत. तथापि वारंवार खाडे करणे, काम मुद्दाम रेंगाळत ठेवणे, पगार हाती पडताच गिरणी बदलणे, ही कमी दिसणारी रूपेही तितकीच जुनी आहेत. अनेकदा संपापूर्वी कित्येक महिने कलह याच रूपाने वावरत असतो. परंतु शासकीय आकडेवारीत त्याची नोंद होत नाही. भारतात कलहनिवारणाचे जे कायदे व ज्या प्रथा रूढ झाल्या, त्यांपैकी पुष्कळ प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी किंवा त्यांच्यातील संपांना उत्तर म्हणून निर्माण झाल्या. म्हणून या उद्योगातील सव्वाशे वर्षांच्या कलहांचा इतिहास हा बहुतांशी भारतीय औद्योगिक संबंधांचाच इतिहास ठरतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि त्यांभोवती गिरणगाव उभे राहिले. कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा व कोल्हापूर या भागांतून आणि नंतर उत्तर प्रांतांतूनही येत. त्यांचे कुटुंब व जमिनीचा तुकडा गावीच राही. संपकाळात अनेकांना गावाचा आधार मिळे. हे कामगार अर्धवट शेतकरी असल्यामुळे संघटित होऊ शकत नाहीत, असे मालकांचे प्रतिनिधी चौकशी समित्यांपुढे सांगत. प्रत्यक्षात गावाशी असलेल्या या नात्यामुळेच त्यांना महिनोन्‌महिने संप टिकविता आला.

त्या काळी कलह मिटविण्याची कायदेशीर तरतूद म्हणजे १८६० चा मालक व कामगार (तंटे) कायदा. रेल्वे, कालवे इ. बांधकामांवरील वेतनाचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी त्याची योजना होती. परंतु करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास त्यात फौजदारी शिक्षा सांगितली होती. तो १९३२ मध्ये रद्द झाला. गिरणी कामगारास त्याचा काहीच उपयोग नव्हता. गिरणीत कलहाचे कारण आणि कलहाचे निवारण या दोहोंचा धनी एकच होता, तो म्हणजे जॉबर.

जॉबर पद्धती : जॉबर किंवा मुकादम हा मूळचा कामगारच, पण खात्यातील माणसे भरणे, काम शिकविणे, रजा देणे, यंत्राच्या किरकोळ दुरुस्त्या करणे आणि माणूस कामावरून काढणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. कामावर घेताना आणि पुढे दरमहा तो कामगारांकडून दस्तुरी घेई. खोली मिळवून देणे, कर्जाला जामीन राहणे, गावच्या मंडळींचे भांडण मिटविणे, हेही तोच करी. साहेबाला मराठी येत नसे आणि कामगाराला इंग्रजी. त्यामुळे प्रत्येक गाऱ्हाणे जॉबरच्या तोंडून वर जाई. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्यामार्फतच तक्रार, असा हा प्रकार होता. जॉबर सर्वशक्तिमान होता, असे जुने ग्रंथ सांगतात. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी मात्र त्याच्या सत्तेच्या मर्यादा दाखविल्या आहेत. वस्तीतील कामगारांचा पाठिंबा गेला, तर त्याची जॉबरकीही जाई. म्हणूनच अनेक संपांत जॉबर मालकाच्या बाजूने न राहता कामगारांच्या पुढे चालताना दिसतात.

रोजच्या गाऱ्हाण्यांचे स्वरूप किरकोळ वाटावे असे होते. पण त्यांतच कलहाचे मूळ होते. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याची ‘डबल खाड्या’ची रीत अनेक गिरण्यांत होती. विणताना कापड खराब झाले, तर ते साचेवाल्याच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. पगार कित्येक आठवडे तुंबवून ठेवीत, म्हणजे माणूस सोडून जाऊ शकत नसे. दंडाला मर्यादा नव्हती. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाची रक्कम वेतनाच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापुरती मर्यादित केली, तेव्हा कुठे या प्रकारास आळा बसला. कायम कामगारांच्या जागी ऐनवेळी घेतलेला बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही आणि जॉबरने बोट दाखविले तर आत जाई. गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना काढून अशा कामगारांना कार्डे दिली. परंतु बदलीचा प्रश्न उद्योगाच्या अखेरीपर्यंत सुटला नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी या गाऱ्हाण्यांना प्रथम सार्वजनिक रूप दिले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून सु. ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास वेतन, अशा त्यात मागण्या होत्या. एप्रिल १८९० मधील सु. दहा हजार कामगारांच्या सभेनंतर त्याच वर्षीच्या १० जूनपासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. संपाची धमकी न देता, अर्जाने मिळालेली ही मागणी होय. या मार्गाच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. लोखंडे त्यापूर्वीच, १८९७ मध्ये, निवर्तले होते. प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची पहिली मर्यादा १९११ च्या कारखाने अधिनियमाने घातली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. त्यात वेतनाची मागणी नव्हती, त्यामुळे तडजोडीचाही प्रश्न नव्हता.

अहमदाबादचा लवाद : मुंबईतील पुढच्या घडामोडी समजण्यासाठी अहमदाबादकडे वळावे लागते. तेथे १९१७ च्या प्लेगमध्ये कामगार पळून जाऊ नयेत, म्हणून मालकांनी मोठा ‘प्लेग बोनस’ सुरू केला होता. साथ ओसरताच तो बंद करण्याचे त्यांनी ठरविले. दरम्यान महागाई वाढली होती. कामगारांची बाजू अनसूया साराभाई यांनी घेतली; मालकांचे नेतृत्व त्यांचे बंधू अंबालाल साराभाई यांच्याकडे होते. महात्मा गांधींनी मालक व कामगार दोघांचे आकडे तपासून कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीवर आणली. मालक २० टक्क्यांवर अडून राहिले. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. कामगारांचा निर्धार ढिला पडू लागला, तेव्हा गांधींनी १५ मार्चला उपोषण आरंभिले आणि १८ मार्चला समेट झाला. समेटाचे सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ द्यावी, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा पाळली गेली. दुसऱ्या दिवशी २० टक्के द्यावी, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत २७·५ टक्के द्यावी. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३५ टक्क्यांचा निर्णय दिला. उपोषणामुळे मालकांवर अनुचित दडपण आले, ही त्यातील उणीव गांधींनी स्वतःच मान्य केली होती.

१९२० मध्ये तेथे मजूर महाजन हा संघ स्थापन झाला. मालक व कामगार यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असलेले कायम लवाद मंडळही नेमण्यात आले. कामगारांतर्फे गांधी व मालकांतर्फे मंगलदास गिरधरदास त्यावर होते. दोघांचे न जुळल्यास सरपंचाकडे जावयाचे. कामगाराची तक्रार महाजनाच्या कचेरीत लिहून घ्यावी, प्रतिनिधीने गिरणीत जाऊन ती पहावी, मग व्यवस्थापकाशी बोलावे आणि तेथे न सुटल्यास मालकांच्या मंडळाकडे न्यावी, अशी पायरीपायरीची पद्धत रूढ झाली. तीमागे कोणत्याही कायद्याचे बळ नव्हते; वर्गणी भरणारा सभासद आणि शब्द पाळणारा मालक एवढेच तिचे भांडवल होते.

मोठे संप (१९१९–२९) : मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि धान्य व कापडाच्या किंमती कामगाराच्या आवाक्याबाहेर गेल्या. १९१९ व १९२० या दोन्ही वर्षांच्या आरंभी शहरव्यापी संप झाले. त्यांना सांगण्यासारखी संघटना नव्हती. वाटाघाटी कोणाशी कराव्यात, हाच प्रश्न मालकांना व सरकारला पडला. दुसऱ्या संपानंतर कामाचा दिवस दहा तासांवर आला. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कचेरी स्थापन केली आणि सर स्टॅन्ले रीड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक कलह समिती नेमली. कलहाचा अभ्यास करून मग निवारण करावयाचे, ही दृष्टी शासनात प्रथम येथे आली.

१९२४ चा संप बोनसवरून झाला. युद्धकाळापासून दिला जाणारा वार्षिक बोनस नफा घटला म्हणून मालकांनी बंद केला. सु. दीड लाख कामगार जवळजवळ दोन महिने बाहेर राहिले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने, सलग काही वर्षे बोनस मिळाला म्हणून त्यावर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायदृष्ट्या हक्क उत्पन्न होत नाही, असा निष्कर्ष काढला. संप मोडला. पुढे सव्वीस वर्षांनी याच प्रश्नावर याच उद्योगात नेमका उलट निर्णय झाला, तो पुढे येईलच. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात ११·५ टक्के कपात जाहीर केली. तीन महिन्यांच्या संपानंतर सरकारने देशी कापडावरील ३·५ टक्के उत्पादन शुल्क स्थगित केले आणि मालकांनी कपात मागे घेतली. हे शुल्क १८९६ पासून चालू होते व ते उठावे म्हणून मालक वर्षानुवर्षे अर्ज करीत होते. त्यांच्या अर्जांना जे साधले नाही, ते कामगारांच्या उपासमारीने साधले.

या सर्व संपांहून १९२८ चा सार्वत्रिक संप वेगळा होता, कारण तो कामाच्या स्वरूपासंबंधी होता. जपानी स्पर्धेपुढे टिकण्यासाठी कार्यक्षमता वाढवावी, असे १९२६–२७ च्या टॅरिफ बोर्डाने सांगितले होते. ससून गटाच्या गिरण्यांत कातणाऱ्याला चात्यांच्या एका बाजूऐवजी दोन बाजू आणि साचेवाल्याला दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्यास सांगण्यात आले. हातात पडणारे वेतन थोडे वाढे. पण उरलेल्या माणसांचे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. सु. दीड लाख कामगार त्यात होते व कामाचे दोन कोटींहून अधिक मनुष्यदिवस बुडाले. नारायण मल्हार जोशी यांची बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन आणि संपकाळातच मे महिन्यात स्थापन झालेली, श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर आदी साम्यवादी व आळवे यांच्यासारखे साचेवाले यांची गिरणी कामगार युनियन या दोहोंनी संयुक्त संपसमितीमार्फत सतरा मागण्या मांडल्या. एकमेकांची मते मुळीच न पटणाऱ्या माणसांनी सहा महिने एका समितीत काम करावे, ही गोष्ट नंतरच्या कामगार चळवळीत फारशी आढळत नाही.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीकडे प्रश्न सोपवून संप मिटला. समितीने प्रमाण वेतनदर, कामाची वाटणी आणि स्थायी आदेश यांचा बारकाईने विचार केला. कामगाराने कोणत्या चुकीसाठी काय भोगावे, हे आधी लेखी असावे, हा स्थायी आदेशांमागील विचार आहे. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने तो देशभर लागू केला.

कलह केवळ मालक-कामगारांतच होता, असे मात्र नव्हे. विणाई खात्यात वेतन सर्वाधिक असे आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. नळीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांचा धोटा इतर कामगार घेण्यास तयार नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना या अन्यायाचा जाब विचारला. तो दूर करण्यात पुढाऱ्यांनी जी दिरंगाई केली, तिची किंमत कामगारांच्या एकजुटीला पुढच्या वर्षी मोजावी लागली.

गिरणी कामगार युनियनचे सभासद १९२८ अखेर पन्नास हजारांवर गेले. तिने गिरण्यागिरण्यांतून गिरणी समित्या उभारल्या. या समित्या खात्यातील तक्रार थेट व्यवस्थापकापुढे नेत. जॉबरच्या मक्तेदारीवर हा पहिला संघटित आघात होता आणि मालकांना तो संपापेक्षाही जाचला. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यात युनियनचे बहुतेक पुढारी पकडले गेले. एप्रिलमध्ये पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप फसला. न्यायमूर्ती पिअर्सन यांच्या चौकशी न्यायालयाने त्याचा दोष युनियनवर ठेवला आणि समित्या नामशेष झाल्या. गिरणीच्या आत, कामाच्या जागी तक्रार सोडविणारी कामगारांची स्वतःची यंत्रणा मुंबईत पुन्हा तशा जोमाने कधीच उभी राहिली नाही.

कायद्याची वाटचाल : केंद्रीय विधिमंडळाने ८ एप्रिल १९२९ रोजी औद्योगिक कलह विधेयक संमत केले. त्याच दिवशी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. या कायद्याने चौकशी न्यायालये व समेट मंडळे नेमण्याची तरतूद केली, लोकोपयोगी सेवांत चौदा दिवसांच्या सूचनेवाचून संप करणे हा गुन्हा ठरविला आणि सहानुभूतीच्या संपाला बंदी घातली. मंडळे तंट्यापुरती नेमावयाची असल्याने कायद्याचा वापर फारसा झाला नाही. १९३४ च्या संपानंतर मुंबई प्रांताने स्वतंत्र समेट कायदा केला. कामगारांच्या वतीने बोलण्यासाठी सरकारी कामगार अधिकारी आणि समेट घडविण्यासाठी पदसिद्ध मुख्य समेटकर्ता म्हणून कामगार आयुक्त, अशी त्याची रचना होती. जॉबरची जागा आता एका अधिकाऱ्याने घेतली. तो दस्तुरी घेत नसे, हे खरे. पण त्याला कामगारांनी निवडलेलेही नसे.

१९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ चा औद्योगिक कलह कायदा आणला. मजूर महाजनाचे कार्यवाह राहिलेले गुलझारीलाल नंदा त्या वेळी संसदीय सचिव होते आणि अहमदाबादचा अनुभव या विधेयकात स्पष्ट दिसतो. वेतन वा कामाच्या अटींत बदल करण्यापूर्वी सूचना देणे, समेटाची सर्व प्रक्रिया पुरी होईपर्यंत संप व टाळेबंदी बेकायदा मानणे, स्थायी आदेश सक्तीचे करणे आणि औद्योगिक न्यायालय स्थापणे, ही त्याची प्रमुख अंगे होत. मालकाची मान्यता असलेल्या संघास कमी सभासदसंख्येवरही नोंदणी मिळे, ही तरतूद विशेष वादग्रस्त ठरली. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप पुकारला. त्या दिवशी गोळीबारही झाला. संप करणे हा फार तर करारभंग होय, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, अशा आशयाची मांडणी आंबेडकरांनी विधानसभेत केली. समेट ऐच्छिक असावा की सक्तीचा, या प्रश्नावर मराठी नेत्यांनी घातलेल्या वादांत ही मांडणी सर्वांत स्पष्ट म्हणावी लागेल. विधेयक अर्थात संमत झाले.

दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतील ८१-अ या नियमाने सरकारला कोणताही कलह सक्तीने न्यायनिर्णयासाठी सोपविण्याचा अधिकार मिळाला. युद्ध संपले तरी ती सवय गेली नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह अधिनियमात तीच कल्पना कायम झाली. शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही पक्षांच्या समसमान प्रतिनिधींची कार्यसमिती असावी, असेही त्याच कायद्यात होते. परंतु समित्यांपैकी बहुतेक कागदावर राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागू झाला. त्याने एका उद्योगात एका क्षेत्रासाठी एकच प्रातिनिधिक संघ मानला आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यालाच दिला. त्यासाठी लागणारी सभासदसंख्या पुढे एकूण कामगारांच्या २५ टक्के अशी ठरली. ती निबंधकाने वर्गणीच्या नोंदींवरून ठरवावयाची होती. गुप्त मतदानाची तरतूद नव्हती. हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. अहमदाबादेत संघाचे बळ आधी होते आणि मान्यता मागाहून आली. मुंबईत मान्यता आधी आली व बळ तिच्यावर आधारले गेले. पुढच्या साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

बोनसचा प्रश्न : १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनसवरून पुकारलेला संप सु. दोन महिने चालला व दोन लाखांच्या आसपास कामगार त्यात सामील झाले. सभा प्रातिनिधिक संघ नसल्याने तो बेकायदा होता आणि तो अपयशी ठरला. त्याच वर्षी, प्रातिनिधिक संघ व गिरणीमालक संघ यांच्यातील दाव्यात, कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा, पुनर्वसन निधी, प्राप्तिकर आणि भांडवलावरील वाजवी परतावा वजा केल्यावर शिल्लक उरत असेल, तर तीत कामगारांचा वाटा आहे, असे ते सूत्र होते. १९२४ मध्ये मालकाची मर्जी मानलेली गोष्ट अशा रीतीने हक्क बनली. पुढे मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाचे माजी अध्यक्ष म. रा. मेहेर यांच्या आयोगाच्या शिफारशींवरून १९६५ चा बोनस अधिनियम झाला. कलहाचे विषय कायद्याने असे एकेक करून निश्चित केले, ही न्यायनिर्णय पद्धतीची जमेची बाजू होय. तिच्या विरोधकांतही थोर माणसे होती. केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी पक्षांनी आपसांत वाटाघाटी करूनच तंटे मिटवावेत, असा आग्रह धरला होता. बँक कर्मचाऱ्यांसंबंधीच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून त्यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने (१९६६–६९) शासनापासून स्वतंत्र अशा औद्योगिक संबंध आयोगांची शिफारस केली, ती अंमलात आली नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये संघांची मान्यता व अनुचित कामगार प्रथा यांविषयी कायदा केला. त्याचा लाभ अभियांत्रिकी, रसायन इ. उद्योगांना झाला; गिरण्या मान्यतेपुरत्या जुन्याच कायद्याखाली राहिल्या.

१९८२ चा संप : १९७४ मध्ये डांगे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या बेचाळीस दिवसांच्या संपानंतर गिरणी कामगारांचे वेतन शहरातील नव्या उद्योगांच्या मानाने मागे पडत गेले. एकाच चाळीत, एकाच खोलीत राहणाऱ्या दोन भावांपैकी औषधांच्या कारखान्यातील भावाचा पगार गिरणीतील थोरल्या भावापेक्षा अधिक असे. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसच्या समझोत्यावर असंतुष्ट झालेले कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सु. अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा कायदा रद्द करणे, या मुख्य मागण्या होत्या. कायद्याप्रमाणे सरकार व मालक प्रातिनिधिक संघाशीच बोलू शकत होते आणि त्या संघामागे कामगार उरले नव्हते. ज्यांच्यामागे कामगार होते, त्यांना कायद्यात स्थान नव्हते; मान्यता मिळविण्याची कायदेशीर वाट सामंतांनीही धरली नाही. तडजोड कोणाशी करावयाची, हा १९१९ मधील प्रश्न तेव्हा संघटनेच्या अभावी पडला होता. १९८२ मध्ये तो कायद्यामुळेच पडला. केवळ कायद्याला दोष देणे मात्र बरोबर होणार नाही. गोदामांत माल साठला होता, भिवंडी व इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड विणून देत होते आणि अनेक मालकांना जुनी यंत्रे चालविण्यापेक्षा ती बंद ठेवणे परवडत होते. संपाने नुकसान होते म्हणून मालक बोलणी करतो, हे गृहीतच त्या वर्षी खोटे ठरले.

संप दीड वर्षाहून अधिक रेंगाळला. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हजारो कामगार पुन्हा कामावर परतले नाहीत. कित्येक गावी गेले. सामंत १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून आले व जानेवारी १९९७ मध्ये त्यांची हत्या झाली. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास वाट दिली. त्यानंतरचा कलह कामाविषयीचा राहिला नाही; देणी व घरे यांविषयीचा झाला.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. १९२६ चा कामगार संघ अधिनियम, १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम व १९४७ चा औद्योगिक कलह अधिनियम तीत विलीन झाले आहेत. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ एकमेव वाटाघाटी संघ ठरतो. असा संघ नसल्यास किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघांची वाटाघाटी परिषद बनते. संपापूर्वीच्या सूचनेचे जे बंधन पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरते होते, ते आता सर्व उद्योगांना लागू आहे. वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक असून तीत दोन्ही पक्षांचे सभासद समसमान असतात. तिचे अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या व एक वर्ष कामगारांच्या प्रतिनिधीकडे आळीपाळीने जाते.